इसार देण्याआधी एक पावसाळा गावात काढा

वाचकाचं पत्र (संक्षिप्त):

“मी ४१ वर्षांची. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा फ्लॅट आहे आणि शाहूपुरीत माझं शिलाई साहित्याचं दुकान. मिस्टर पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतात. मुलगी पाचवीत आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या, त्यांना बीपी आणि शुगर. फ्लॅटमध्ये दम कोंडतो, म्हणून गावाकडं राहायला जावं असं आम्हा दोघांच्या मनात आहे. गगनबावडा रस्त्यावरून आत, शहरापासून १८ किलोमीटरवर पाच गुंठे जागा मिळते आहे. दहा जण मिळून पन्नास गुंठे शेतजमीन एकत्र खरेदी करायची आणि आपापले पाच गुंठे धरायचे, असं एजंट सांगतो. पाडव्यापर्यंत पन्नास हजार इसार मागतो आहे. दिवाळीत जागा बघितली, फार आवडली. माझ्या माहेरी भुदरगड तालुक्यात थोडी शेती आहे. मिस्टरांकडं जमीन नाही. जावं की नको? आणि दोन म्हशी ठेवल्या तर घरखर्चाला हातभार लागेल का?”

ताई,

इसार देऊ नका, हे आधी सांगतो. गावाला जायचं की नाही हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ‘जा’ असंही येऊ शकतं. पण एजंट दाखवतो आहे त्या वाटेनं नको.

आपल्याकडं शेतजमिनीचा तुकडा किती लहान करता येतो, याला कायद्यानं मर्यादा आहे. २०२३ पासून हे प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे आहे. म्हणून पाच गुंठ्यांचा स्वतंत्र दस्त होत नाही आणि त्यावर ‘दहा जणांची एकत्र खरेदी’ ही पळवाट निघाली आहे. त्यात सात-बाऱ्यावर दहा नावं लागतात, पण तुमचे पाच गुंठे नेमके कुठले हे कुठल्याच सरकारी नकाशावर येत नाही. एजंटानं खुंट्या मारून चुन्याची रेघ ओढली तरी कागदावर ती जमीन दहाही जणांची सामाईक असते. पुढं काय अडतं ते बघा. सामाईक शेतजमिनीवर बँक गृहकर्ज देत नाही. बांधकाम परवानगी मिळत नाही. विकायची वेळ आली की बाकीचे नऊ आडवे येऊ शकतात, त्यातला एखादा गेला तर त्याचे चार वारस आणखी वाढतात. शिवाय दहाही जण शेतकरी असावे लागतात. बिगर-शेतकऱ्याला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही (कुळकायदा, कलम ६३). म्हणजे मिस्टरांच्या नावानं हा व्यवहार बसतच नाही. तुमचं नाव माहेरच्या सात-बाऱ्यावर लागलेलं असेल तर तुम्ही शेतकरी ठरता. वडील हयात नसतील आणि वारसनोंदीत फक्त भावांची नावं असतील, तर आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या. हे काम जमीन घ्यायची नसली तरी करण्यासारखं आहे.

जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करायला शासनानं अलीकडे काही सवलती दिल्या, तेव्हापासून “आता सगळं कायदेशीर होतंय” असं सांगून प्लॉट विकणारे वाढले आहेत. सवलत जुन्या व्यवहाराला आणि ठरावीक क्षेत्राला असते. उद्या होणारा व्यवहार त्यात बसतो हे एजंटाला तहसीलदार कार्यालयातून लेखी आणू द्या. तोंडी नको.

मग घ्यायचं काय? दोन प्रकार बघा. एक, मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) बिनशेती प्लॉट, ज्याचा सात-बारा स्वतंत्र निघालेला आहे. बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा आणि प्लॉटचा स्वतंत्र उतारा हे तिन्ही कागद हातात पाहिजेत, ‘प्रकरण दाखल आहे’ हा काही कागद नव्हे. दोन, गावठाणातलं जुनं घर. इथं ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवून घर विकणारे भेटतात. तो घरफाळ्याचा उतारा आहे, मालकीचा नाही. गावची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या असतील तर मालकाच्या नावाची पत्रिका मागा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापराची वाट तुलनेनं सोपी असते, त्यामुळं शेतजमिनीतलीच जागा घ्यायची झाली तर या पट्ट्यात शोधा. अर्थात शेतकरी असण्याची अट तिथंही सुटत नाही.

सात-बारा हातात आला की नजर आधी ‘इतर हक्क’ या रकान्यावर टाका. सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पाइपलाइन, कुळाचं नाव सगळं तिथं असतं. मग भोगवटादार वर्ग बघा. वर्ग एक असेल तर ठीक, वर्ग दोन असेल तर विक्रीला परवानगी लागते. कोल्हापूर जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी पुष्कळ आहेत. पिढ्यान् पिढ्या कसणारा माणूस “आमचीच आहे” असं मनापासून सांगतो, पण ती त्याला विकता येत नाही. जुने फेरफार काढल्याशिवाय हे कळत नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांचा शोध) आणि भूमी अभिलेखकडची मोजणी, एवढा खर्च इसाराच्या आधी करा. मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा) हातात आली की कुणी बांध सरकवलाय का तेही कळतं.

आता ज्या जागेवर तुमचं मन बसलंय तिच्याबद्दल. तुम्ही ती दिवाळीत बघितली. दिवाळीत आपल्या जिल्ह्यातलं कुठलंही गाव आवडतं. पाऊस सरलेला असतो, ऊस उभा असतो, विहिरी भरलेल्या असतात. तीच जागा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बघायला हवी होती.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या प्लॉटवर पाणी येतं का, एवढंच एजंटाला विचारू नका. जागा उंचावर असली तरी तिथं जाणारा रस्ता कुठल्या पातळीला बंद होतो, हा खरा प्रश्न आहे. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीसारख्या ठिकाणी पाणी येऊन वाहतूक थांबते. त्याच्याही आधी बुडतात ते कोल्हापुरी बंधारे, ज्यांच्यावरून पश्चिमेकडची कितीतरी गावं एरवी ये-जा करतात. बंधारा पाण्याखाली गेला की लांबचा वळसा, आणि वळशाचा रस्ताही पाण्याखाली गेला की गाव बेट होतं. दूध संस्थेत जाऊन विचारा, “२०२१ ला दुधाची गाडी किती दिवस आली नव्हती?” हा आकडा संस्थेच्या दप्तरात असतो आणि तो कुणी फुगवून किंवा लपवून सांगत नाही. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषाही बघून घ्या. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत घर बांधायचा विषयच नको. शहरातच पुराचा त्रास कमी, असंही नाही म्हणा. त्या दोन्ही वर्षी उपसा केंद्रं बुडाल्यावर शहरानंही टँकरच्या रांगा बघितल्या. पण तेव्हा दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता.

म्हणून आमचं म्हणणं असं, की एक जूनला त्याच गावात किंवा शेजारच्या गावात भाड्यानं घर घ्या आणि पुढच्या मार्चपर्यंत राहून बघा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि तो नोंदवा, नोंदणी कायद्यानं बंधनकारक आहे. “खेड्यात भाड्यानं घर कुठं मिळतंय” असं लोक म्हणतात, पण मिळतं. शिक्षक, बँकेची माणसं, साखर कारखान्याचा स्टाफ भाड्यानंच राहतो. शाळेचे मुख्याध्यापक आणि दूध संस्थेचे सचिव यांना विचारा, पाटी कुठं लावलेली दिसणार नाही. राजारामपुरीचा फ्लॅट या काळात विकू नका, भाड्यानंही देऊ नका. मुलीची शाळा बदलू नका. शाळा सोडल्याचा दाखला काढला की परत त्याच शाळेत जागा मिळेलच असं नाही. जिल्हा परिषदेची शाळा चांगली असू शकते, आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून शिष्यवृत्तीला पोरं झळकतात. पण ती निवड वर्षभर शाळा जवळून बघून करा.

घर बघताना पहिल्यांदा बाहेरचा विजेचा खांब बघा. गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) वेगळा आणि शेतीपंपाचा वेगळा. गावठाणाच्या फीडरवर घरगुती वीज बहुतेक वेळ असते, शेतीच्या फीडरवर ठरावीक आठ-दहा तास. मळ्यातल्या छान घराला शेतीच्या लाइनवरून जोडणी असेल तर मिस्टरांची नोकरी महिन्यात अडचणीत येईल. वायरमनला विचारा, तो एका वाक्यात सांगतो. गावठाण फीडरवरही जून-जुलैत झाड पडून तासन् तास वीज जाते. १५० एएचची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर दोन पंखे, चार एलईडी, राउटर आणि एक लॅपटॉप साधारण चार तास चालतात. दिवसभराची खात्री हवी तर बॅटऱ्या दोन घ्या आणि पंखा एकच लावा. इंटरनेटची फायबर वायर त्याच खांबांवरून येते, म्हणून जोडीला वेगळ्या कंपनीचं सिम ठेवा. रेंज अंगणात बघू नका. ज्या खोलीत बसून काम करायचं तिथं दार लावून बघा, दगडी भिंतींच्या घरात फरक पडतो.

पाण्याचा हिशोब शहराच्या सवयीनं करू नका. गावच्या नळयोजनेची आखणी माणशी दिवसाला ५५ लिटरची असते, तुम्हा चौघांना २२० लिटर. शहरात माणशी १३५ लिटर धरतात, म्हणजे चौघांचे ५४०. हा फरक विहीर, बोअर किंवा साठवण यांनी भरून काढावा लागतो. दिवसाआड पाणी येत असेल तर दोन हजार लिटरची जमिनीतली टाकी हवी. बोअरचं पाणी ऊसपट्ट्यात बघून-तपासून प्यावं, खतांमुळं नायट्रेट वाढलेलं असू शकतं आणि नायट्रेट उकळून जात नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. नळाचं पाणी पहिल्या पावसानंतर गढूळ येतं, त्या काळात तुरटी फिरवा, मग उकळा. नुसती तुरटी फिरवली तर गढूळपणा खाली बसतो, जंतू राहतात. सासूबाई आणि मुलगी दोघींसाठी हे महत्त्वाचं आहे.

संडासाची टाकी कुठं आहे तेही बघा. विहीर किंवा बोअरपासून शोषखड्डा निदान पन्नास फूट लांब हवा. नदीकाठच्या काळ्या मातीत शोषखड्डा उन्हाळ्यात उत्तम चालतो आणि ऑगस्टमध्ये पाणी घेतच नाही, सगळं उलटं येतं. हीच काळी माती पुढं घर बांधताना नडते. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर भिंतही. पाया मुरुमापर्यंत न्यावाच लागतो, आणि मुरूम किती फुटांवर लागतो त्यावर बांधकामाचा खर्च ठरतो. शेजाऱ्याची विहीर बघा, तिच्या कडेला मातीचे थर उघडे दिसतात.

पावसाळा काढला म्हणजे झालं, असं नाही. नोव्हेंबरपासून कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि आमच्या मते तुमच्यासाठी तोच जास्त अवघड आहे. तुमचं दुकान रात्री बंद होणार, त्यानंतर १८ किलोमीटर स्कूटरवर. समोर दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, मागचा लाइट बहुतेकांना नसतो, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपले की पुढची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घसरतं ते वेगळंच. आतल्या अडीच-तीन किलोमीटरच्या रस्त्याला दिवे नसतात. रोजचे ३६ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ९०० किलोमीटर. स्कूटरला वीस लिटर पेट्रोल. पैशाचं सोडा, दिवसाचा दीड तास तुमचा जाणार.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पत्रात तुम्ही ‘आम्हा दोघांच्या मनात’ असं लिहिलंय. गावाला गेल्यावर मिस्टर खिडकीतून शेत बघत काम करतील आणि रस्ता तुमच्या वाट्याला येईल. स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलीचा अभ्यास हे आज कोण बघतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. गावात घर घ्यायच्या आधी एका वहीत सोमवार ते शनिवार कोण कधी कुठं असेल ते तासावारी मांडा. मुलीला दुपारी शाळेतून कोण आणणार, संध्याकाळी सातला दिवाबत्तीच्या वेळी घरात कोण असणार, आठवडी बाजार कोण करणार. त्या वहीत मिस्टरांचं नाव निम्म्या ठिकाणी येत नसेल तर बेत पुढं नेऊ नका. दुकान सातला बंद करणं किंवा संध्याकाळी माणूस ठेवणं परवडतं का, तेही याच वर्षात कळेल. अंधारात स्कूटर नको असेल तर एसटी आणि वडाप (सीट भरून चालणारी जीप) आहे. एसटीत बायकांना तिकीट निम्मंच पडतं. पण शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि ती फाट्यावर सोडते की गावात, हे रंकाळा स्टँडवर विचारून घ्या. फाट्यापासून पुढं वडाप रात्री मिळत नाही, ड्रायव्हर गाडी भरल्याशिवाय हलत नाही.

सासूबाईंना विचारलंत का? शहरातली बाई ७२ व्या वर्षी रोजच्या ओळखीची माणसं, सकाळचं देवदर्शन आणि ठरलेला डॉक्टर सोडून जाते तेव्हा ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते. ते उत्तर धरू नका. आधी पंधरा दिवस त्यांना तिथं राहू द्या. गावात भजनी मंडळ असतं, हरिपाठ असतो. काहीजणी चार दिवसांत रमतात, काहीजणींना गुडघ्यांमुळं तिथला चिखलाचा उतारच जमत नाही. औषधं दीड महिन्याची घरात ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे आणि रात्री तिथं कोण असतं ते बघा. १०८ ची गाडी दारापर्यंत वळते का हेही बघा, कारण बांधावरचा रस्ता स्कूटरला पुरतो, रुग्णवाहिकेला पुरत नाही. तोडणी चालू झाली की पाचट पेटवतात आणि राखेचे काळे लांबट तुकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर, उघड्या टाकीत येऊन पडतात. सासूबाईंना दम्याचा त्रास असेल तर या काळात लक्ष ठेवा.

तोडणी झालेल्या रानातून उंदीर घराकडं येतात आणि त्यांच्यामागं साप. रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाऊल नको, सरपण आणि शेणी भिंतीला टेकून रचू नका. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. पाय हलू न देता सरळ आरोग्य केंद्र, तिथून लागलंच तर कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय. मांत्रिकाकडं अर्धा तास घालवण्याचा आग्रह शेजारून होईल, तो ऐकू नका.

माणसांचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात तुम्हाला विचारलं जाईल, तुम्ही कुठल्या गटाचे. ग्रामपंचायत, सेवा सोसायटी, दूध संस्था, कारखाना, सगळीकडं गट असतात आणि भाड्याच्या घराचा मालकही एका गटाचा असतो. निदान पहिलं वर्ष दोन्हीकडचा चहा प्या आणि बॅनरवर फोटो छापू देऊ नका. यात्रेची वर्गणी मात्र न मागता द्या, आणि म्हाईला, म्हणजे यात्रेच्या मटणाच्या जेवणाला, बोलावलं तर जा. मटण खात नसाल तर आधी सांगा, वेगळं ताट करतात, त्याचं कुणी मनावर घेत नाही.

एवढं सगळं होऊन मार्चमध्येही मन तिथंच असेल, तर त्याच गावात जागा शोधा. तोवर कुठल्या गल्लीत पाणी साठतं, कुठला खांब कायम पडतो आणि कुणाची विहीर एप्रिलमध्ये आटते हे तुम्हाला एजंटापेक्षा जास्त माहीत असेल. बऱ्याचदा घर विकायचं असलेला माणूस स्वतःच येऊन बोलतो, मधली दलाली वाचते. शहराला लागून असलेल्या ४२ गावांत बांधकाम परवानगी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते बघून मग नकाशा काढा.

राहिल्या म्हशी. एका दुभत्या म्हशीला रोज पंचवीस-तीस किलो ओली वैरण लागते, वर चार-पाच किलो वाळकी आणि दुधाच्या मानानं पेंड. स्वतःचं रान नसेल तर सगळं विकत. म्हैस वर्षभर दूध देत नाही, मधले तीन-चार महिने आटते आणि खाणं चालूच असतं. विकतच्या वैरणीवर दोन म्हशींत शेण सोडून फारसं काही उरत नाही. संस्थेत दूध पहाटे आणि संध्याकाळी ठरल्या वेळेत घालावं लागतं, आणि मिस्टरांच्या मीटिंगा नेमक्या संध्याकाळच्याच असणार. सध्या शेजारच्या गोठ्यातून दीड लिटरचा रतीब लावा, धार समोर काढून देतात.